छोटी एसयूव्ही घेतली, पुढं काय? मैंदर्गीतल्या मालकांना विचारलं

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा एसटीत बसल्यावर मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहून काढलंय. बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझं 'अं… अं…' आणि मागं ओरडणारा कोंबडा काढून टाकलाय.

आजचा विषय छोटी एसयूव्ही. म्हणजे चार मीटरच्या आतली, उंच दिसणारी, जिला कंपनीवाले कधी कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात, कधी क्रॉसओव्हर. यूट्यूबवर हिचे रिव्ह्यू पोत्यानं आहेत. पण रिव्ह्यू करणारा माणूस गाडी तीन दिवस वापरतो, टाकी कंपनी भरून देते, आणि चौथ्या दिवशी तो चावी परत करतो. आपला हप्ता सात वर्षं चालतो. म्हणून यावेळी गावी गेलो तेव्हा मैंदर्गी, अक्कलकोट, दुधनी या पट्ट्यात ज्यांच्याकडं अशी गाडी दोन-चार वर्षं आहे, त्यांनाच विचारत फिरलो.

कारणही घरचंच. माझा चुलतभाऊ गाडी घ्यायला निघालाय. तुरीचे पैसे, उसाचं बिल आणि वर नऊ लाखांचं कर्ज. आमच्या घरात जमीन सोडली तर एवढ्या किमतीची वस्तू आजवर कुणी घेतलेली नाही. आणि त्याचा सगळा अभ्यास रील्सवर झालेला.

गाड्यांची नावं मी मालकांच्या तोंडून आली तरी इथं गाळलीत, माझ्या गाडीचंही. नाव घेतलं की चर्चा 'कुठली भारी' यावर जाते आणि मुद्दा बाजूला राहतो. जिथं नाव घेतलंय, तिथं फक्त आकडे आहेत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. या सगळ्या गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपासच का असतात? ब्रेझा बघा, व्हेन्यू बघा, नेक्सॉन बघा. सगळ्या जणू एकाच फुटपट्टीनं कापल्यात. फुटपट्टी सरकारची आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. उद्देश लहान गाड्या स्वस्त करायचा होता. कंपन्यांनी उंच गाडीच त्या मापात बसवली. २००९ ची प्रीमियर रिओ ही या मापातली सुरुवातीची एसयूव्ही, आपल्या पुण्याच्या कारखान्यातली. ती फारशी चालली नाही. खरी लाट आली २०१३ मध्ये, फोर्ड इकोस्पोर्टनं. मग २०१६ ला विटारा ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३००, पुढं सोनेट, मॅग्नाइट, कायगर. २०२१ ला पंच आली आणि २०२४ साली ती देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली कार ठरली. चाळीस वर्षं हा मान मारुतीकडं होता.

कराचा खेळ अजून संपलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. आधी २८ टक्के, वर पेट्रोलला एक आणि डिझेलला तीन टक्के सेस होता. म्हणजे पूर्वी शोरूम किंमत दहा लाख असलेली पेट्रोल गाडी नुसत्या करामुळं साधारण नऊ लाख पंधरा हजारांवर यायला हवी. पण ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे. लांबी मापात, इंजिन मापाबाहेर, त्यामुळं तिला ४० टक्के. "दोन्ही गाड्या एवढ्याच लांब, मग करात फरक का?" असं भावानं विचारलं होतं. तर हे उत्तर.

आता मालकांकडं येऊ. सुरुवात आमच्या अप्पांपासून. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांचं मत एका वाक्यात: "वाकायचं नाही, चढायचं नाही, नुसतं बसायचं." हे वाक्य कुठल्याही जाहिरातीपेक्षा चांगलं आहे, कारण तांत्रिकदृष्ट्या तेच बरोबर आहे. साध्या कारची सीट कमरेच्या खाली असते, माणूस आत पडतो आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. बोलेरोसारख्या गाडीत पाय उचलून चढावं लागतं. या गाड्यांची सीट साधारण कमरेच्या उंचीवर येते. साठीच्या पुढच्या माणसाला यात फार फरक पडतो. मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी 'गाडीतलं सगळ्यात काय आवडतं' याचं उत्तर इंजिन किंवा स्क्रीन असं दिलं नाही. आई-वडील आरामात बसतात, हेच दिलं.

पण आज्जीचं मत वेगळं. तिची उंची पाच फुटांच्या आत आणि अंगावर इरकल नऊवारी. तिला हीच गाडी उंच पडते. दाराखालचा उंबरा ओलांडताना पाय अडकतो. आम्ही डिकीत कायमचा एक लाकडी पाट ठेवलाय. तो पाट काढायचा, आज्जी चढली की परत आत. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो की पार्किंगवाला पोरगा आता ओळखतो, 'पाटवाली गाडी आली' म्हणतो. तर शोरूममध्ये एकटे जाऊ नका. घरातलं सगळ्यात बुटकं आणि सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या, चढवून-उतरवून बघा. सेल्समन घाई करेल. करू दे.

दुसरी गोष्ट ग्राउंड क्लिअरन्स. स्विफ्टचा १६३ मिमी, पंचचा १८७, ब्रेझाचा १९८, नेक्सॉनचा २०८. हा आकडा गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचा. आमच्याकडं स्पीडब्रेकर कोण, कधी आणि कुठल्या मापानं टाकतो हे देवालाच ठाऊक, त्यामुळं हा आकडा कामाचा आहे. दुधनीच्या अडत व्यापाऱ्यांनी सांगितलं, आधीच्या सेडानचं पोट महिन्याला दोनदा घासायचं, या गाडीत तीन वर्षांत एकदाही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, कंपनी बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा आकडा देते. पाच माणसं आणि मागं दोन कट्टे तूर टाकली की स्प्रिंगा दबतात आणि त्यातले काही सेंटिमीटर जातात.

आणि इथंच पहिला मोठा गैरसमज. उंच म्हणजे चिखलात चालणारी, असं नाही. आमच्या गल्लीतल्या एकानं नवी गाडी ऑगस्टमध्ये थेट शेतावर नेली. काळी जमीन, आदल्या रात्री पाऊस. पुढची दोन चाकं जागेवर फिरायला लागली, टायरच्या नक्षीत चिखल भरला आणि टायर गुळगुळीत झाला. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढली. शेजारी बांधावर बसून म्हातारे बघालेत आणि एक जण म्हणतोय, "अरे, एसयूव्ही म्हणालतास की!"

त्याचं कारण असं. या बहुतेक गाड्या हॅचबॅकच्याच घराण्यातल्या आहेत. बॉडी आणि सांगाडा एकच, इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना, टायर डांबरी रस्त्याचे. बोलेरोत खाली वेगळी शिडीसारखी चौकट असते आणि ताकद मागच्या चाकांना जाते. मागं वजन टाकलं की तिची पकड वाढते. छोट्या एसयूव्हीत उलटं: मागं वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे ज्याला रोज खताची पोती घेऊन काळ्या रानात जायचंय, त्याला गावातले लोक 'बोलेरो का नाही घेतली?' असं विचारतात ते उगाच नाही. ज्याला महिन्यातून एकदा कोरड्या दिवसात शेतावर जायचंय आणि बाकी सगळं डांबरीवर, त्याला बोलेरोचे धक्के सोसायची गरज नाही. भावाला मी हाच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात शेतावर कशावर जातोस?" म्हणाला, "मोटरसायकल." मग विषय संपला.

जागेबद्दल. बाहेरून गाडी मोठी वाटते, पण बलेनोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,५२० मिमी आहे आणि ब्रेझाचा २,५००. पाय ठेवायची जागा बरीचशी याच अंतरातून निघते. म्हणजे तुम्ही जास्त पैसे देता ते उंचीचे, लांबीचे नाही. मागं तीन माणसं बसतात, पण मधल्या माणसाचे हाल. व्यापाऱ्यांच्या सूनबाई स्पष्ट बोलल्या: "आम्ही पाच जण म्हणून पाच सीटची घेतली. गाणगापूरला गेलो की मधे मीच. पाठ दुखते." त्यांच्या गाडीत मधल्या सीटला डोकं टेकायला काही नाही आणि पाठीचा भाग टणक, कारण तोच खाली पाडला की हात टेकायचा होतो.

पाच मोठी माणसं कायम फिरणार असतील तर हे तपासाच. इथं कुणी म्हणेल, आमच्याकडं सात जण बसतात, काय होत नाही. होतं. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. तेव्हापासून आपल्याकडं ताऱ्यांची भाषा आली, २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या चाचणीत बसवलेल्या पुतळ्यांनी बेल्ट लावलेला असतो. मागं बेल्ट न लावता मांडीवर मूल घेऊन बसलेल्या माणसासाठी ते तारे नसतात. मी विचारलेल्या अकरा घरांत मागचा बेल्ट नेमानं लावणारी दोनच घरं निघाली. एका ठिकाणी बेल्टची बकलं सीटकव्हरखाली कायमची गाडली गेलीत. हजार-दोन हजारांच्या कव्हरसाठी!

आता इंजिन. हा भाग जरा लांबवतो, कारण इथं लोकांचे पैसे अडकतात.

अक्कलकोटला राहणारे एक गुरुजी आहेत, रोज शाळेला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. त्यांनी २०२१ ला डिझेल घेतली, 'ॲव्हरेज जास्त' म्हणून. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी सर्रास आली. धुरातली काजळी ती अडवते. जाळी भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात गाडी पळायला हवी. गुरुजींचा रस्ता पंधरा किलोमीटरचा, मध्ये दोन गावं, शेळ्या, उसाच्या ट्रॉल्या. गाडी तापते न तापते तोवर शाळा. दिवा लागायचा, सर्व्हिस सेंटरला जायचं. आता ते दर रविवारी सोलापूरला एक चक्कर मारतात. अक्कलकोट-सोलापूर रस्ता चौपदरी झालाय, त्यावर सलग वेग मिळतो. "गाडीला फिरायला नेतो," म्हणाले, "कुत्र्याला नेतात तसं." ॲव्हरेजमध्ये वाचलेले पैसे त्या चकरांत गेले, हा हिशोब त्यांनीच मला वहीत दाखवला. गणिताचे आहेत. रोज लांबचं रनिंग असेल तर डिझेलसारखं सुख नाही, गावातल्या गावात असेल तर नको.

पेट्रोलमध्ये दोन जाती. साधं इंजिन आणि टर्बो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबायची. एक लिटरचं इंजिन दीड लिटरसारखं ओढतं. पण पंखा वेग घेईपर्यंत क्षणभर गाडी सुस्त वाटते. पाच माणसं, एसी चालू, मे महिन्यात सोलापूरचं ४३-४४ डिग्री तापमान, आणि पुढं उसाची ट्रॉली. अशा वेळी तो क्षण नेमका ओव्हरटेक करतानाच येतो. उपाय साधा आहे: आधीच खालचा गिअर. आणि माझं निरीक्षण सांगतो, टर्बोचं ॲव्हरेज तुमच्या पायात असतं. मी स्वतः महिन्यातून दोनदा पुणे-मैंदर्गी करतो, एका बाजूला साधारण तीनशे किलोमीटर. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, सगळे टोलनाके तोंडपाठ. ८५-९० नं आलो तर लिटरला १८ मिळतात, ११० नं आलो तर १५ सुद्धा मुश्किलीनं. उंच गाडीला वारा जास्त अडवतो, आणि वेग वाढला की ही अडवणूक वेगाच्या वर्गानं वाढते. वाचतात किती, तर अर्धा-पाऊण तास.

महिन्याचा हिशोब सांगून टाकतो: १,२०० किलोमीटर, सरासरी १७, म्हणजे सत्तर लिटर. १०५ रुपयांनी सात हजार चारशेच्या आसपास. टोल वेगळा.

पेट्रोलवरून इथेनॉल निघणारच, आमच्याकडं तर निघणारच. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. आमच्याच रानातला ऊस, त्याच्या मळीचं, रसाचं इथेनॉल, आणि ते परत माझ्या टाकीत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के घट धरली होती. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर फार काळजी नको. त्याआधीची सेकंडहँड घेत असाल तर पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. अप्पांचं यावर मत: "उसाला भाव मिळू दे, ॲव्हरेज गेलं तर जाऊ दे."

सनरूफ. भावाचा जीव सनरूफमध्ये अडकलाय. मालक काय म्हणतात? पहिल्या महिन्यात पोरं उभी राहतात (राहू देऊ नका, अचानक ब्रेक लागला तर कडा पोटात), मग उन्हाळा येतो आणि पडदा बंद होतो तो बंदच. काचेला चारी बाजूंनी पन्हळ असते आणि पाणी जायला बारीक नळ्या. आमच्याकडची काळी धूळ आणि चिपाडाचा भुसा त्या नळ्यांत बसला की पावसाचं पाणी आत, थेट डोक्यावर. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, त्या साफ करून घ्या. हेच पैसे मागच्या एसीच्या झरोक्यांवर आणि वरच्या सेफ्टीवर घातलेले बरे, असं माझं मत. भाऊ अजून ऐकत नाही.

टायरचं कुणी सांगत नाही. या गाड्यांना २१५/६० आर १६ वगैरे माप येतं. वरच्या मॉडेलला अजून मोठं चाक, अजून पातळ टायर. दिसतं छान. पण टायर फाटला की गावात तो मिळत नाही, अक्कलकोटलाही लगेच मिळेल याची खात्री नाही, सोलापूरच गाठायचं. सोळा इंचीवर समाधान मानलं तर खड्ड्यातही सुख आणि खिशालाही. आणि डिकीत स्टेपनी पूर्ण मापाची आहे, बारकी आहे, की नुसता हवा भरायचा पंप आहे, हे डोळ्यांनी बघा.

दुधनीच्याच एका घरातली गोष्ट. जानेवारीत रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या, सोलापूरला न्यायची. गाडी चालवणारा दीर सांगत होता: "गाडी चांगली, सस्पेन्शन चांगलं, पण ताशी चाळीसच्या वर गेलो नाही." कारण ऊस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, चढावर उभा. उंच सीटमुळं लांबचं दिसतं हे खरं, पण अंधारात न दिसणारी वस्तू उंचावरूनही दिसत नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप पोचल्या. त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या पैशानं रिफ्लेक्टर टेपचे रोल आणले आणि त्यांच्या टोळीच्या सगळ्या ट्रॉल्यांना लावले. गाडीच्या ॲक्सेसरीजमध्ये यापेक्षा चांगला खर्च मला कुणी दाखवला नाही.

उंच गाडीचा तोटाही तोच माणूस बोलला. वळणावर ती झुकते. गुरुत्वमध्य वर असतो, हॅचबॅकसारखी फिरवायला गेलात तर आतली माणसं एकमेकांवर. म्हणून ईएससी, म्हणजे घसरताना एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवणारी यंत्रणा, आपल्या मॉडेलमध्ये आहे का हे विचाराच.

राहिला हप्ता. नऊ लाख, नऊ टक्के व्याज धरा. सात वर्षांचा हप्ता बसतो १४,४८० रुपये, एकूण व्याज तीन लाख सोळा हजार. पाच वर्षांचा हप्ता १८,६८० च्या आसपास आणि व्याज दोन लाख एकवीस हजार. महिन्याला चार हजार जास्त, पण पंचाण्णव हजार वाचतात. शोरूमवाले सात वर्षांचाच कागद पुढं करतात, कारण आकडा गोड दिसतो. शेतकऱ्याला तर महिन्याला पगार नसतो, वर्षातून दोनदा पैसा येतो. ऊसबिल आलं की मधेच मुद्दल भरता येतं का आणि त्यावर दंड किती, हे सही करण्याआधी बँकेला विचारायचं. भावानं विचारलं. पहिल्या बँकेतून उठून तो दुसऱ्या बँकेत गेला.

सध्या त्याचं ठरलंय ते असं: साधं पेट्रोल, मधलं मॉडेल, सोळा इंची चाकं, पाच वर्षं. सनरूफवर घरात अजून दोन तट आहेत. शनिवारी आज्जीला घेऊन परत टेस्ट ड्राइव्हला जाणार आहोत, आणि पाट बरोबर नेणार आहोत.

पुढच्या भागात सेकंडहँड गाड्या. अफझलपूर-कलबुर्गीकडची केए-३२ पासिंगची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तर एमएच-१३ करायला काय कागद लागतात आणि कर किती, ते बघू. तोवर मागचे बेल्ट सीटकव्हरखालून बाहेर काढून ठेवा.